रूम टेंपरेचर कुणाच्या रूमचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाइन आणि चीजच्या जोड्यांवर लेख आला होता. नवख्यांसाठी त्यात तीन सूचना होत्या : रेड वाइनने सुरुवात करा, ती रूम टेंपरेचरला प्या आणि चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी या तिन्ही सूचना तंतोतंत पाळल्या, तर त्याची पहिलीच संध्याकाळ फसेल आणि दोष वाइनच्या माथी जाईल.

रूम टेंपरेचर हा शब्द थंड देशातल्या घरांचा. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा ३१-३२ अंश असतात. एवढी गरम शिराझ (ही एक रेड वाइन) ग्लासात ओतली की आधी अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास मागे राहतो आणि वाइन शिजवलेल्या जॅमसारखी लागते. रेडची बाटली दीड तास फ्रिजमध्ये ठेवावी, व्हाइटची चार तास. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घ्या. त्यात रेड दहा मिनिटांत आणि व्हाइट वीस-पंचवीस मिनिटांत जागेवर येते. नुसता बर्फ रचला तर खड्यांमध्ये हवा राहते, बाटलीला गारवा लागत नाही, पाणी हवंच. बंदरावरचा मासळीचा बर्फ बादलीपुरता चालेल, ग्लासात मात्र तो कधीही टाकू नये. उलट चूकही होते. व्हाइट रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर ती ४-५ अंशांवर असते आणि तिला वासच येत नाही. ओतून पाच-दहा मिनिटं थांबावं. ८ ते १० अंशांवर ती बोलू लागते.

रेडने सुरुवात का नको, हे काजूच्या बागेत वाढलेल्यांना समजावणं सोपं. बोंडू नुसता चावला की जीभ ओढल्यासारखी होते, घसा खरखरतो. ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून तेच उतरतं. बोंडूचा रस निवळायला त्यात भाताची पेज किंवा जिलेटिन घालतात. टॅनिन त्याला धरून तळाशी बसतं. चीजमधलं प्रथिन आणि स्निग्धांश तोंडात साधारण हेच काम करतात आणि मीठ कडवटपणा दाबतं. पण त्यासाठी चीज घट्ट आणि मुरलेलं हवं. वर्षभर मुरलेलं चेडर शिराझला पुरून उरतं. ब्री किंवा कामांबेर या मऊ चीजच्या पांढऱ्या सालीबरोबर तीच शिराझ नाणं चाटल्यासारखी लागते. निळ्या बुरशीच्या ब्लू चीजबरोबर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड म्हणजे तर दोघांचाही अपमान.

व्हाइटमध्ये टॅनिन नावापुरतं, आंबटपणा भरपूर. तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळल्यावर तेल जसं जिभेवरून उतरतं, तसा हा आंबटपणा चीजचा स्निग्धांश कापतो. म्हणून पहिली जोडी सोव्हिन्यॉ ब्लांक ही व्हाइट आणि ताजं मऊ चीज. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सांसेरच्या आसपास हीच वाइन आणि शेळीच्या दुधाचं चीज पिढ्यान्‌पिढ्या एकत्र खाल्लं जातं. तालुक्याच्या गावी शेळीचं चीज कुठून मिळणार? फेटा नावाचं खारट चीज मिळालं तर ते पंधरा मिनिटं थंड पाण्यात भिजवून खारटपणा कमी करावा. तेही नसेल तर घरी करा. एक लिटर सायीचं दूध उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला. हिरवट पाणी सुटलं की ढवळणं थांबवा. मलमलच्या कापडात तासभर टांगा, ओलसर असतानाच अर्धा चमचा मीठ घालून मळा. दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं. वजनाखाली दाबलं की त्याचं पनीर होतं, चावताना कचकचतं आणि वाइनशी त्याचं काही जमत नाही. लिंबू घातल्यावर पुन्हा उकळलं तर रवाळ होतं. हे चीज त्याच दिवशी संपवावं.

दुसरी जोडी गौडा चीज आणि किंचित गोडसर शेनिन ब्लांक, तीही व्हाइटच. नाशिककडची ही वाइन सहज मिळते आणि नवख्याला सगळ्यात आधी आवडते, त्यात कमीपणा काही नाही. तिसरी जोडी ब्लू चीज आणि लेट हार्वेस्ट, म्हणजे वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची गोड वाइन. खारट-उग्र चीजला गोडच हवं. रोकफोर या ब्लू चीजबरोबर सोतेर्न ही गोड वाइन देतात ते याचसाठी. एवढं जमल्यावर मग पुढच्या एखाद्या संध्याकाळी चेडर आणि शिराझ.

दुकानातल्या चौकोनी क्यूबने मात्र यातलं काहीच कळणार नाही. वेष्टनावर ‘प्रोसेस्ड’ असेल आणि घटकांत इमल्सिफायर ३३१ किंवा ३३९ असेल, तर ते चीज पुन्हा वितळवून, क्षार घालून एकजीव केलेलं असतं. त्याला खारटपणा असतो, मुरल्याचा वास नसतो. टोस्टवर ते उत्तम. शाकाहारी पाहुणे असतील तर वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहावाच, कारण अस्सल पार्मिजानो हे इटालियन चीज वासराच्या रेनेटनेच, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच करतात.

सहा जणांना प्रत्येक चीज दीडशे ग्रॅम पुरतं. प्रत्येक वाइन माणशी ६० मिलि, म्हणजे सहा जणांत मिळून ७५० मिलिची साधारण अर्धी बाटली. चव घेण्याचा क्रम चुकला तर पैसे वाया जातात. आधी नुसती वाइन, मग चीजचा घास. तो अर्धा चावून झाला की वाइनचा छोटा घोट आणि नाकाने श्वास बाहेर. वाइन आधीपेक्षा आंबट, कडू की पाणचट झाली, एवढंच पाहायचं. पहिल्या दिवशी दोन चीज आणि दोन वाइन बस्स. चार जोड्या होतात, त्यातल्या एक-दोन बिघडतात आणि शिकायला मिळतं ते त्या बिघडलेल्यांतूनच. हलक्याकडून जडाकडे, कोरडीकडून गोडाकडे जावं. लेट हार्वेस्टनंतर सोव्हिन्यॉ घेतली तर ती व्हिनेगरसारखी लागेल.

मधल्या घासाला तांदळाची भाकरी पावापेक्षाही सरस, कारण तिला स्वतःची चव जवळजवळ नाही. आंबोळी नको, ती आंबलेली. काजू भाजलेले, बिनमिठाचे आणि तपकिरी साल काढलेले; त्या सालीतही टॅनिन असतं. सोलकढी जेवणासाठी राखून ठेवा, कोकमाच्या आंबटपणापुढे कुठलीही वाइन सपक वाटते. सुकटीची चटणी किंवा मालवणी मसाल्याचं काहीही ताटात असलं तर अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. हापूसचा मोह आवरणं सगळ्यात कठीण. पिकलेला हापूस बहुतेक वाइनपेक्षा गोड, त्यामुळे वाइन आंबट ठरते. फार तर आंबापोळीचा नखाएवढा तुकडा मुरलेल्या चीजवर ठेवा, तोही गोड वाइन असेल तरच. स्पेनमध्ये मांचेगो चीजबरोबर क्विन्स फळाची घट्ट वडी देतात, त्याच जातीची ही गोष्ट.

आता तासभर फ्रिजबाहेर ठेवण्याबद्दल. आपल्या हवेत वीस मिनिटं पुरेत, मे महिन्यात दहा. त्याहून जास्त झालं की चेडरला तुपाचा घाम फुटतो, पोत चिकट होतो आणि तो पुन्हा फ्रिजमध्ये घालून सावरत नाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेलं चीज आतून ओलं होऊन बुरशी धरतं. बटर पेपरमध्ये गुंडाळून, तळाशी कोरडा कागद घातलेल्या डब्यात ठेवावं. घट्ट चीजवर बुरशी आली तर सभोवतालचं इंचभर कापून बाकीचं वापरता येतं. मऊ चीज सरळ टाकून द्यावं. ब्रीला उघडल्यावर अमोनियाचा वास येतो, तो वीस मिनिटांत गेला नाही तर तेही टाकावं.

घाट उतरून येताना बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते, बूच वर सरकतं, गळ्याशी चिकट ओघळ दिसतो आणि व्हाइटला तपकिरी झाक येते. दुकानाच्या काचेत ऊन खात उभी असलेली बाटलीही याच कारणाने घेऊ नये.

हल्ली न्याहारी-निवासवाले पाहुण्यांसाठी अशा संध्याकाळी ठेवू लागले आहेत, म्हणून हेही लिहायला हवं : पैसे घेऊन वाइन देण्याला परवाना लागतो आणि आपल्या राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. आणि चीज आणायला थर्मोकोलची पेटी वापरणार असाल तर ती नवी घ्या. स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतो, आणि एकदा बांगडे वाहिलेल्या पेटीतून आलेल्या गौडाला जगातली कुठलीच वाइन जुळत नाही.

आपले,
दोन वाचक, वेंगुर्ले