दगड हैस का रे?

बाळ्या,

फोनवर हे बोलायला जमलं नसतं म्हणून टाईप करायलोय, मोठं झालं तर शिव्या देऊ नको. दादा गेले तेव्हा मसणवट्यातून परत येताना तू म्हणलास ना, "दगड हैस का रे, एक टिपूस नाही डोळ्यात", ते दोन वर्षं झाली तरी डोक्यातून जाईना. तुझा राग नव्हता आला, खरंतर काय आलं होतं तेच कळत नव्हतं, पोटात नुसता पीळ आणि मी आपला मंडपवाल्याचा हिशोब करत फिरायलो. पुढं सहा महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, दुर्बिणीनं पोट तपासलं, सगळं नॉर्मल. बायको म्हणायची काहीतरी बोला, मी म्हणायचो बरंय की.

शेवटी तिनंच लातूरला एका काउन्सेलर मॅडमकडं नेलं. अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणे, 1970 च्या दशकात सिफनिओस नावाच्या डॉक्टरनं काढलेला शब्द, ग्रीकमधे अर्थ काय तर भावनेला शब्द नसणं. आई म्हणली हा कुठला नवीन ताप. ताप नाही, आजार म्हणून वेगळी नोंद पण नाही, आणि त्याची अशी गोळीही नाही. 20 प्रश्नांचा फॉर्म असतो, 61 किंवा वर गेलं की हे असू शकतं, मला 68. दहावीला गणितात एवढे नव्हते पडले.

मॅडम कसं वाटतंय असं विचारतच नाहीत, अंगात कुठं काय होतंय ते विचारतात आणि ते वहीत लिहायचं. परवा मोंढ्यात आडत्यानं ओल जास्त म्हणून चार माणसांत सोयाबीनचा भाव पाडला, मी गप. वहीत लिहिलं, जबडा आवळला, कान गरम, राग. रात्री वाचलं तर राग कुठला, लाज होती रे, दादा असते तर भांडले असते आणि मी मान डोलावून हिशोबाची पट्टी घेतली. एवढा एक शब्द सापडायला सहा तास, पण झोप लागली.

लै फरक पडला असं नाही, कधी नुसतं "जेवण जड" एवढंच लिहितो. मागच्या हप्त्यात पेटीत दादांचा टॉवेल सापडला, "घसा" लिहिलं आणि पुढं काही सुचेना, ती ओळ तशीच मोकळी आहे.

येळवशीच्या सणाला शेतात येणार ना? आंबील, भज्जी, उंडे सगळं हाय. जेवण झाल्यावर बांधावर बसून वही दाखवतो, फक्त हसू नको.

तुझाच