स्लाइड शिकवल्या, सभा राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्र संपत आले की वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या महाविद्यालयांत ‘प्रेझेंटेशन’चा हंगाम सुरू होतो. कागदावर विषय असतो ‘औपचारिक व्यावसायिक सभेत प्रस्ताव मांडणे’, गुण २० किंवा २५. वर्गात मात्र चार-पाच मुले कडक इस्त्रीच्या कपड्यांत ओळीने उभी राहतात, ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ होते, जो तो आपापली स्लाइड वाचतो, शेवटी ‘थँक यू’ची स्लाइड आणि टाळ्या. ना कोणी अध्यक्ष असतो, ना विषयपत्रिका, ना कोणाला काही ठरवायचे असते. मग परीक्षा नक्की कशाची घेतली?

बारावीला चिटणिसाची कार्यपद्धती शिकलेल्या मुलांना सूचना, गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी), इतिवृत्त (सभेची लेखी नोंद) हे शब्द पाठ असतात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७३ प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेची लेखी सूचना किमान ७ दिवस आधी जावी लागते, आणि सचिवीय मानकानुसार (सभा कशा चालवाव्यात याचे कंपन्यांसाठीचे नियम) विषयपत्रिका व त्यावरची टिपणेही तितकीच आधी. म्हणजे संचालक खोलीत येतो तेव्हा प्रस्ताव त्याने वाचलेला असतो, निदान तसे गृहीत असते. त्याला दहा मिनिटे तेच वाचून दाखवले, तर तो घड्याळाकडे बघणारच.

म्हणून वर्गातही सभाच भरवावी: एक गट प्रस्ताव मांडेल, दुसरा संचालक होईल. तयारी टिपणापासून व्हावी, आणि टिपणाची तयारी ठरावापासून. आधी ठरावाचे एक वाक्य लिहायला लावा: ‘शीतगृहाच्या छतावर सौर वीज यंत्रणा बसवण्यासाठी ४८ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे.’ हे वाक्य जमत नसेल तर गटाला काय हवे आहे तेच ठरलेले नाही, असे समजावे. स्लाइडची घाई करू नये. ठराव झाला की दोन पानी टिपण: आजची अडचण, दोन-तीन पर्याय, खर्च आणि बचत, जोखीम, शेवटी ठरावाचा मसुदा. दोनच पाने. तिसरे पान बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावरून उचललेले असते.

मुले सर्वात जास्त कुठे अडखळतात, ते याच उदाहरणात दिसेल. समजा, नाशिक भागातल्या द्राक्षांच्या शीतगृहाचा प्रस्ताव आहे. खर्च ४८ लाख, वीजबिलात दरमहा ८० हजारांची बचत, वर्षाला ९ लाख ६० हजार, म्हणजे पाच वर्षांत पैसे वसूल. स्लाइड झकास दिसते. संचालकाच्या खुर्चीतला माणूस एवढेच विचारतो, ‘हे ८० हजार कोणत्या महिन्यांचे?’ गटाने हंगामातल्या तीन महिन्यांची बिले घेऊन सरसकट बाराने गुणलेले असते. हंगाम उलटल्यावर निम्मे वर्ष शीतगृह जवळपास रिकामे राहत असेल आणि बचत सहाच महिने धरली, तर ती ४ लाख ८० हजारांवर येते; पाचाची दहा वर्षे होतात. उरलेल्या महिन्यांत तयार होणाऱ्या विजेचे काय, नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन बिलात वळती करण्याच्या सोयीत) तिला काय भाव मिळेल, कर्ज काढले तर व्याज कुठे धरले, हे पुढचे प्रश्न. इथे गटातले चौघे पाचव्याकडे बघतात, कारण ‘आकड्यांची स्लाइड त्याची होती’.

यावर आमच्या पाहण्यातला खात्रीचा उपाय असा की प्रत्येक आकड्याशेजारी टिपणातच तीन गोष्टी लिहायच्या: कुठून घेतला, कोणत्या काळाचा, रुपये हजारांत की लाखांत. आणि सादरीकरणाच्या आदल्या दिवशी गटातल्या प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग मांडून दाखवायचा. स्लाइड वाटून घेण्याची पद्धत तर बंदच करावी. पाच जणांनी माइक एकमेकांकडे देण्यातच मिनिटभर जाते. एक किंवा दोघे बोलतील, बाकीचे प्रश्नांना उत्तरे देतील.

वेळ धरा २० मिनिटे: मांडणी ६, प्रश्नोत्तरे १०, उरलेल्या ४ मिनिटांत ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतदान. सहा मिनिटांत सावकाश बोलले तर सातशेच्या आसपास शब्द होतात. त्याहून मोठे भाषण लिहून आणले की मूल धावत सुटते. तालमी तीन. पहिली फक्त घड्याळ लावून. दुसऱ्या तालमीत तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षाने म्हणायचे, ‘वेळ कमी आहे, एका मिनिटात आटपा.’ खऱ्या सभेत हे हटकून होते आणि पाठांतर केलेले मूल तिथेच गारद होते. तिसरी तालीम प्रोजेक्टर बंद ठेवून.

प्रोजेक्टरवरून आठवले. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी महाविद्यालयाच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा खिमा होतो. युनिकोड वापरावा आणि पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. वेलांटी-उकारांमुळे देवनागरीला वर-खाली जागा लागते. २८ पॉइंटखाली गेले तर मागच्या बाकावर काही दिसत नाही. प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए केबल आणि लॅपटॉपला तसे भोकच नाही, हा घोळ अर्धा तास आधी जाऊन सोडवायचा असतो.

सभेची बोलण्याची रीतही शिकवावी लागते. प्रश्न कोणीही विचारो, उत्तर अध्यक्षांना उद्देशून द्यायचे. मध्येच कोणी हुज्जत घातली तर ‘अध्यक्ष महोदय, परवानगी असेल तर एवढा मुद्दा पूर्ण करतो’ म्हणून पुढे जायचे. माहिती नसेल तर थाप मारायची नाही: ‘हा आकडा आत्ता माझ्याजवळ नाही, उद्या दुपारपर्यंत सचिवांकडे देतो.’ हे वाक्य इतिवृत्तात जाते आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा खरेच द्यावा लागतो. त्याचेही गुण असावेत. थोडी गंमत हवी तर संचालक झालेल्या एका मुलाला गुपचूप चिठ्ठी द्या की सौर यंत्रणा पुरवणाऱ्या फर्ममध्ये तो भावासोबत भागीदार आहे. कलम १८४ प्रमाणे तो आपला हितसंबंध आपणहून सांगतो का, आणि त्यानंतर अध्यक्ष काय करतात, हे पाहण्यासारखे असते.

भाषेचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी भाषण घोकून आणतात आणि पहिल्या प्रश्नाला गप्प होतात. परीक्षक लिहितात, ‘आत्मविश्वास कमी’. साखर कारखाने, पतसंस्था, बाजार समित्या यांच्या सभा मराठीतच चालतात. या मुलांतली कित्येक तिथेच नोकरी करणार आहेत. मांडणी इंग्रजीत सक्तीची असेल तर निदान प्रश्नोत्तरे मराठीत करायची मुभा द्यावी. आकड्यांची समज कळायला तेवढे पुरते.

गुणपत्रक बदलल्याशिवाय यातले काही होणार नाही. पोशाख, हावभाव, स्लाइडची सजावट यांना गुण असतील तर मुले त्यावरच रात्र घालवतील, आणि त्यांचे काय चुकले? २५ गुणांची आमची वाटणी अशी: टिपण ७, मांडणी ६, प्रश्नोत्तरे ८, इतिवृत्त ४. इतिवृत्त कायद्याने ३० दिवसांत नोंदवहीत जावे लागते. विद्यार्थ्यांना दोन दिवस पुरेत. त्यात ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिणाऱ्याला शून्य. काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, हे हवे.

साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाईल. पाच जणांचे बारा गट, ५० मिनिटांच्या एका तासिकेत दोन गट, सहा तासिकांत काम संपते. एक गट मांडतो तेव्हा दुसरा गट संचालक, तिसऱ्यातला एक जण सचिव. संचालक झालेल्या मुलांनी टिपण वाचून प्रत्येकी दोन लेखी प्रश्न आणल्याशिवाय त्यांना खुर्ची देऊ नये.

अध्यक्षाच्या खुर्चीत मात्र बाहेरचा माणूस बसवावा. गावातल्या पतसंस्थेचा व्यवस्थापक, गृहनिर्माण संस्थेचे वर्षानुवर्षे सचिवपद सांभाळलेले एखादे काका-काकू, निवृत्त बँक अधिकारी. अशा लोकांना कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचे ते अचूक कळते. त्यांना टिपण आठवडाभर आधी पोचते करा. सत्काराची शाल आणि नारळ नसला तरी चालेल.

आपले,
वाणिज्य शाखेत शिकवणारे काही शिक्षक, नाशिक