दहा तिकिटं देऊन वाहकाला गाडीवर पाठवतात का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. मशिनं यायच्या आधी डेपोतून निघताना ट्रेमधली तिकिटं मोजून घ्यायची, वेबिलवर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, नंबर टाकायचे, मगच घंटी. पालीच्या खंडोबाची यात्रा असली की जादा तिकिटं आधीच हातात पडायची. "आज दहाच आहेत, भागवा," असं डेपोत मला कुणी कधी सांगितलं नाही.

हे आठवायचं कारण माझी थोरली बहीण. आक्काचं वय ७८, बीपीची गोळी चालू. अ‍ॅम्लोडिपिन, रोज सकाळी एक. आम्ही कोयनेच्या खोऱ्यात राहतो, प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर. पंचाहत्तरीच्या पुढं एसटीला तिकीट नाही आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. तक्रार पैशाची नाहीच.

आक्का सकाळची गाडी धरते, रांगेत बसते. बीपी मोजतात, कार्डावर लिहितात. मग औषधाच्या खिडकीतून दहा गोळ्यांची एक पट्टी पुढं येते. "आजी, साठा कमी आलाय, पुढच्या आठवड्यात या." एकदा तर कात्रीनं पट्टी अर्धी कापून दोघींत वाटलेली मी पाहिली. खिडकीतल्या माणसाला काय बोलणार? आहे ते पुरवून पुरवून देतोय बिचारा. परतीची गाडी दुपारी अडीचला. एका पट्टीपायी अख्खा दिवस मोडतो, आणि भाताची लावण चालू असली की घरातलं कुणी सोबतही जात नाही.

मग आक्कानं स्वतःच तोडगा काढला: एक दिवसाआड गोळी. मला पत्ताच नव्हता. श्रावणात बीपी १८०च्या वर निघालं आणि डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, कार्डावर सगळं वेळच्या वेळी झालेलं दिसत होतं. नवी गोळीही दहाच मिळाली. घरी उशाजवळच्या डबीत जुन्या पट्टीतल्या चार गोळ्या सापडल्या, तेव्हा उलगडा झाला. तारखेच्या हिशेबानं ती पट्टी केव्हाच संपायला हवी होती.

मेडिकलमधून आणता येतात हे मलाही कळतं, आणतोही. (एसटीची पेन्शन किती असते ते मात्र विचारू नका.) पण वाडीवर आक्कासारख्या आणखी म्हाताऱ्या आहेत आणि सगळ्यांनाच आणून देणारा भाऊ नाही.

रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला सातारा होता. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, ही त्याची रीत. नोंदलेले रुग्ण किती, हे रजिस्टरात आहे. समजा दोनशे, तर महिन्याला सहा हजार गोळ्या. यात अंदाजपंचे काही नाही. तापाची साथ कधी येईल सांगता येत नाही, पण बीपीचा पेशंट पुढच्या महिन्यातही येणारच. मग साठा तळाला जाईपर्यंत थांबायचं कशाला?

आणि गोळ्यांसाठी ११ किलोमीटर तरी का? आमचं उपकेंद्र चालत वीस मिनिटांवर. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी नवी पाटी लागली आहे, आत समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बीपीचं मशीन आहे. गोळ्याही तिथंच ठेवा. लॉकडाऊनमध्ये आशाताईंनी दोन महिन्यांच्या गोळ्या दारात आणून दिल्या होत्या, म्हणजे जमतं. माझा पुतण्या होसूरला कंपनीत आहे. त्यांच्या कृष्णगिरी जिल्ह्यातूनच ऑगस्ट २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारनं बीपी-शुगरची औषधं घरपोच द्यायला सुरुवात केली.

आणखी एक, याला तर खर्चही नाही. आक्काच्या कार्डावर बीपी लिहितात, गोळीचं नाव लिहितात, पुढची तारीख लिहितात. हातात किती गोळ्या दिल्या ते लिहीत नाहीत. किती तिकिटं फाडली ते वेबिलवर आल्याशिवाय आमचा हिशेब कधी कुणी जमा करून घेतला नाही. कार्डावर पेननं तेवढा एक रकाना आखला, तरी गोळी वाढवायच्या आधी मागची पुरली होती का, हे डॉक्टरांना दिसेल.

आपला,
एक निवृत्त वाहक, कोयना खोरे, जि. सातारा