आई-बाबा, मी जवळची नोकरी घेतोय

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर दोन्ही नोकऱ्यांचं धड सांगता आलं नाही. आईनं पगार विचारला, मी सांगितला आणि बोलणं तिथंच अडकलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "जास्तीची सोडून कमीची कोण घेतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही म्हणून सविस्तर लिहितो. शुक्रवारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं आहे. माझं मन जवळच्या नोकरीवर बसलं आहे, पण तुम्हाला ते पटावं असं मनापासून वाटतं. तुमच्या मनाविरुद्ध गेलो तर कामावर जाईन, पण चित्त थाऱ्यावर राहणार नाही.

आधी तुमची मुख्य काळजी. आमचा अख्खा विभागच बंद झाला, त्यात माझं पद गेलं. कंपनीनं दिलेली भरपाई आणि आमची शिल्लक मिळून अजून काही महिने घर नीट चालेल, कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही आणि थकणारही नाही. त्यामुळे हातात येईल ते पकडतोय असं समजू नका. तुमची सून आणि मी दोन्ही नियुक्तिपत्रं समोर ठेवून, वही घेऊन बसलो होतो. बाबा, तुम्हाला आकडे लागतात, म्हणून वहीतलेच देतो. रकमा लिहीत नाही. माझा जुना पगार १०० होता असं धरा, म्हणजे तुलना सोपी जाईल.

लांबच्या कंपनीनं ११० देऊ केले आहेत. आईनं ऐकला तो आकडा हाच. पण पत्र नीट वाचलं की त्यातले १५ वर्षाच्या शेवटी, कंपनीचा नफा आणि माझं मूल्यमापन बघून मिळायचे आहेत. दर महिन्याला खात्रीनं येणार ते ९५, म्हणजे जुन्या पगारापेक्षाही कमी. मुलाखतीत मी सरळ विचारलं की गेल्या वर्षी ही रक्कम पूर्ण किती जणांना मिळाली. "ते माणसागणिक वेगळं असतं," एवढंच उत्तर आलं. घरखर्चाच्या हिशेबात मी त्या १५ ची किंमत शून्य धरली आहे. मिळाले तर आनंद आहे, पण त्यांच्या भरवशावर हप्ता ठरवता येत नाही. जाण्यायेण्याचा खर्च ८ होतो. राहिले ८७.

जवळच्या नोकरीत ८२ आहेत आणि सगळे महिन्याला मिळणारे. प्रवासाला २ जातील, राहतील ८०. म्हणजे कागदावर २८ चा दिसणारा फरक खात्यात ७ वर येतो. वर्षाच्या शेवटी पूर्ण रक्कम मिळालीच, तर २२ वर जातो. कर दोन्हीकडे कापला जाईल, तो यात धरलेला नाही. जास्त पगारावर तो थोडा जास्तच जाईल.

आता वेळेचं सांगतो, कारण माझा निर्णय खरं तर तिथं झाला.

मुलाखतीला मी दुपारी गेलो होतो, तेव्हा रस्ता तासाभराचा वाटला. मोबाइलचा नकाशाही तेवढाच वेळ दाखवत होता. पण कामावर कुणी दुपारी जात नाही. म्हणून एका मंगळवारी कामाच्या दिवशी निघावं तसाच निघून पाहिलं. दाराला कडी लावली तेव्हापासून वेळ मोजायला सुरुवात केली. स्टॉपवर दोन बस भरलेल्या आल्या आणि न थांबता गेल्या. तिसरीत उभं राहायला जागा मिळाली, मग गाडी बदलली, मग पायी, आणि शेवटी त्या इमारतीच्या लिफ्टसमोरची रांग. दीड तास. माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस एका हातानं वरची दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ऑफिसची उत्तरं टाइप करत होता. बस वळली की त्याचा तोल जायचा, तो सावरायचा आणि अर्ध्या राहिलेल्या वाक्यावर परत यायचा. त्याचं काम टेबलाशी पोहोचायच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि ते कुठल्याच हजेरीपटावर लागणार नव्हतं.

तर तिथं साडेनऊ तास कामाचे, जेवणाच्या सुट्टीसकट, आणि तीन तास रस्त्यावर. साडेबारा तास. जवळच्या ठिकाणी साडेआठ तास काम आणि जाऊन-येऊन पन्नास मिनिटं. रोजच्या प्रवासातच दोन तास दहा मिनिटांचा फरक आहे. महिन्याचे २२ दिवस धरले तर जवळपास ४८ तास, म्हणजे पाच-साडेपाच कामाचे दिवस नुसते रस्त्यावर जास्तीचे. त्यासाठी कुणी दमडी देणार नाही, उलट तिकिटाचे पैसे मीच द्यायचे.

मग मी पगाराला कामाच्या तासांनी न भागता दार ते दार लागणाऱ्या तासांनी भागलं. जुन्या नोकरीत प्रवासखर्च वजा जाता ९५ उरायचे आणि दिवसाचे ११ तास जायचे: तासाला ८.६. लांबच्या नोकरीत ८७ भागिले १२.५, म्हणजे जेमतेम ७. वर्षाअखेरची सगळी रक्कम मिळाली असं धरलं तरी ८.२ च्या आतच. जवळच्या नोकरीत ८० भागिले सव्वानऊहून थोडे जास्त तास: ८.६. बाबा, माझ्या एका तासाला जुन्या नोकरीत जो भाव होता तोच इथं आहे. मी रोजचे तास कमी विकतोय, स्वस्तात विकत नाही. शिवाय लांबच्या ठिकाणी एकाआड एक शनिवार कामाचा आहे, तो मी या हिशेबात धरलेलाच नाही.

तुम्ही मला लहानपणी आठ तासांच्या लढ्याच्या गोष्टी सांगायचात. आठ तास काम, आठ तास स्वतःचे, आठ तास झोप ही मागणी ब्रिटनमधल्या रॉबर्ट ओवेन या सुधारक कारखानदारानं १८१७ च्या सुमाराला मांडली होती. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९१९ साली जो पहिलाच करार केला, त्यात कारखान्यांतल्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण रस्त्यावरचा वेळ या तासांत धरला जात नाही. तो मधल्या आठ तासांतून जातो, जे माणसाचे स्वतःचे म्हणून ठरले होते. तुम्ही पहाटे अंधारात निघायचात आणि आम्ही झोपलो की यायचात, त्याचा अर्थ मला आता कळतो. तुमच्यासमोर तेव्हा दुसरी नोकरी नव्हती. तुम्ही ओढलंत म्हणून आम्ही शिकलो, हे मी एक क्षणही विसरत नाही. माझ्यासमोर मात्र दोन पत्रं आहेत.

यावर थोडं वाचनही केलं. डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा प्रत्येक टप्पा कसा गेला ते विचारलं होतं. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर जाण्यायेण्याचा वेळ त्यात अगदी तळाला होता, प्रत्यक्ष कामापेक्षाही खाली. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणाऱ्यांची त्या त्रासाची भरपाई पगारातून किंवा चांगल्या घरातून पुरती होत नाही, ते एकंदरीत कमी समाधानी असतात. मला यातलं सगळ्यात पटलं ते हे की वाढलेल्या पगाराची सवय लवकर होते, प्रवासाची होत नाही. रोज नवी खोळंबा करणारी गोष्ट असते आणि रोज लेट मार्कची धास्ती असते.

तब्येतीचंही आहे. आई, तू म्हणशील की इतक्यात कशाला तब्येतीचं काढतोस. पण बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी मलाच घरातला इतिहास विचारला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. लांबच्या नोकरीचे कागदावरचे तास ५५ च्या आत आहेत. पण माझी दुसरी मुलाखत संपली तेव्हा सुटायची वेळ होऊन गेली होती, आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. कुणी आवरतही नव्हतं. पत्रात एक ओळ आहे: कामाच्या गरजेनुसार वेळेत बदल होऊ शकतो. त्या ओळीचा अर्थ मला त्या खुर्च्यांनी सांगितला.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल की आपल्या सोयीचं तेवढंच मांडलं.

हप्ता तासावर जात नाही, महिन्यावर जातो. प्रवास सोडून घराचा एकूण खर्च कर्जासकट ६२ आहे. पूर्वी महिन्याला ३३ शिल्लक पडायची, आता १८ पडेल. जवळपास निम्मी. कर्ज लवकर फेडायचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे आणि घराचं रंगकामही पुढे ढकललं आहे. सूनबाईला विचारूनच हे ठरवलं. ती म्हणाली, संध्याकाळी लेकराच्या अभ्यासाला तू बसणार असशील तर माझी काही तक्रार नाही.

त्याहून जड मुद्दा पगाराच्या पायाचा आहे. माझे जुने साहेब म्हणाले, एकदा खालच्या पगारावर उतरलास की पुढची प्रत्येक वाढ त्या खालच्या आकड्यावरच मोजली जाईल. हे खोटं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कपातीत नोकरी गेलेल्या जुन्या, अनुभवी कामगारांवरचा १९९३ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. नोकरी गेल्यावर पाच-सहा वर्षांनीही त्यांची कमाई, नोकरी टिकली असती तर झाली असती त्यापेक्षा सुमारे पाव हिश्शानं कमीच होती. हे वाचून मी एक रात्र नीट झोपलो नाही. मग जवळच्या कंपनीच्या साहेबांना जाऊन भेटलो आणि पगार वाढवून मागितला. तो वाढला नाही, पण सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पगाराचा फेरविचार करायचा हे त्यांनी पत्रात लिहून दिलं, सहीनिशी. तोंडी आश्वासनावर मी थांबलो नाही. हे तुमच्याकडूनच शिकलोय, बाबा.

कंपनी लहान आहे, हे आईला खुपतंय ते मला कळतं. पण माझी गेलेली नोकरी मोठ्याच कंपनीतली होती. एका बैठकीत विभाग बंद करायचं ठरलं आणि त्या मोठेपणाचा मला काही उपयोग झाला नाही. लहान कंपनीही उद्या अडचणीत येऊ शकते, त्याची हमी मी देत नाही. म्हणून आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम पूर्ण करणार आणि मगच दुसरं काही.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी थेट संबंधित आहे, ती फोनवर बोलायचं धाडस झालं नाही. लांबच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडील येतात. जवळच्या कंपनीच्या विम्यात फक्त आम्ही तिघं. जुन्या नोकरीबरोबर तुमचं संरक्षणही संपलं आहे. मी तुमच्यासाठी वेगळी पॉलिसी घेतोय, त्याला महिन्याला साधारण ४ जातील, म्हणजे शिल्लक १८ ची १४ होईल. ते मला जमतं. मात्र बाबांच्या हृदयाच्या दुखण्यासाठी नवीन पॉलिसीत काही काळ थांबावं लागेल. तेवढ्या काळासाठी भरपाईच्या पैशातला एक भाग वेगळ्या खात्यात ठेवला आहे आणि त्याला कशासाठीही हात लावायचा नाही असं आमचं ठरलं आहे. लांबच्या नोकरीच्या बाजूनं मला सगळ्यात जास्त ओढलं ते याच मुद्द्यानं. तरीही वाटतं, तुम्हाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कागदावरच्या विम्याइतकाच निघू शकणारा मुलगा लागेल. जवळच्या ठिकाणी तातडीची रजा कशी मिळते ते मी तिथल्या माणसांना वेगळं गाठून विचारून घेतलं आहे.

आणि बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडायचं बोललात. ती मोडू नका. माझ्यासाठी तर नाहीच. दर महिन्याला तुम्हाला पाठवतो त्यातही काही कमी होणार नाही, ते ६२ मध्येच धरलं आहे.

गुरुवारी रात्री फोन करतो. पटलं नसेल तर तेव्हा सांगा, वही समोर घेऊनच बसेन. तोवर एक काम करा. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, तिन्हींचे नीट उजेडात काढलेले फोटो पाठवा. आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंही लिहून पाठव, डोस आणि कधीपासून घेतेस ते. काही वगळू नका. अर्जात सगळं खरं लिहायचं आहे, नाहीतर ऐन वेळी विमा कंपनी पैसे नाकारेल.

तुमचा
मुलगा