चौदा नकोत, तीन पुरेत

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. टोमॅटोची चौदा वाणं आणि कुंड्या तीन! त्यात साधा लाल एकही नाही. रंगांवर भाळून निवडलीस हे उघड आहे. हसू आलं, कारण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.

सगळ्यात वर तू ‘ब्रँडीवाइन’ लिहिलंयस. चवीबद्दल वादच नाही. पण ते रोप डोक्याच्या वर जातं, लावल्यापासून पहिलं फळ पिकायला तीनेक महिने घेतं आणि फळं देतं मोजकी. शिवाय मोठ्या फळांच्या वाणांना रात्रीचा उकाडा सोसत नाही. पारा 24 अंशांखाली उतरेना, की फुलं भराभर गळतात. जमिनीत जागा मिळेल तेव्हा लाव.

‘चेरोकी पर्पल’ मात्र ठेव, सगळ्यात मोठ्या कुंडीत. 1990 साली क्रेग लेहूलियर या बागवेड्या माणसाला अमेरिकेतल्या टेनेसीहून टपालाने याचं बी आलं. मूळ बी चेरोकी लोकांकडचं, असं पाठवणाऱ्याचं म्हणणं होतं, म्हणून त्याने हे नाव ठेवलं. हा पिकला तरी आतलं हरितद्रव्य जात नाही. लालात हिरवा मिसळून तो मातकट जांभळा दिसतो. पहिल्यांदा पाहशील तेव्हा नासलाय असंच वाटेल. नासलेला नसतो, काप.

खरा जांभळा तुझ्या यादीतला ‘इंडिगो रोझ’, पण तो रंग फक्त सालीत आणि तोही ऊन लागेल तिथेच. देठाची टोपी उचललीस तर खाली सावलीतली चांदणी कोरी राहिलेली दिसते. एवढी गंमत सोडली तर दिसायला राजा, चवीला शिपाई. माझ्या मते खोड.

‘ग्रीन झेब्रा’ने मला चांगलंच फसवलं होतं. टॉम वॅग्नर यांनी 1983 मध्ये आणलेलं हे वाण, हिरव्यावर गडद हिरवे पट्टे. माझ्या कुंडीवरच्या पट्टीची शाई उन्हाने उडून गेली होती आणि काय लावलंय ते मी विसरलो होतो. लाल व्हायची वाट बघत बसलो. एका सकाळी तीन फळं मातीत फुटून पडलेली! तुझ्या आईने चौथं बोटांनी हलकेच दाबलं आणि म्हणाली, “अहो, हे केव्हाचं पिकलंय.” पट्ट्यांमधला फिका हिरवा पिवळसर झाला होता, ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. चव आंबटगोड, झणझणीत. हे दुसरं.

तिसरं हुकमी हवं, म्हणजे बाकीची रुसली तरी हात रिकामे राहणार नाहीत. ‘सनगोल्ड’ घे. नारिंगी, बोराएवढी फळं, घोसच्या घोस, आणि दोनेक महिन्यांत सुरुवात. साल पातळ असल्यामुळे माती सुकवून मग भडाभडा पाणी घातलंस तर फळं तडकतात. पाणी नेमाने घाल. मात्र ते संकरित आहे; त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ येणार नाही. बी धरायचं तर बाकीच्या दोघांचं. गर आणि बी वाटीत दोन-तीन दिवस आंबू दे, बियांवरचा बुळबुळीतपणा सुटला की धुऊन कागदावर नको, बशीत वाळव. कागदाला चिकटलं की सुटता सुटत नाही.

तिन्ही उंच वाढणारी आहेत, तेव्हा काठ्या रोप लावतानाच रोव. नंतर रोवल्या की मुळं तुटतात. आणि कुंडीवरची नावं पेन्सिलीने लिही, पेनाने नको.

तुझा,
बाबा