वकील बँकेचा, बिल माझ्या नावावर

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज विभाग

दिनांक : 16 जून 2025

विषय : नेरूळ येथील सदनिकेची लीगल तपासणी, त्यापोटी घेतलेलं शुल्क आणि अडकलेलं कर्जवितरण

महोदय,

नेरूळला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने बांधलेल्या वसाहतीतला एक जुना वन बीएचके मी आणि माझे पती 78 लाखांना घेत आहोत. त्यासाठी तुमच्या वाशी शाखेने फेब्रुवारीत 58 लाखांचं कर्ज मंजूर केलं. करार 21 मार्चला नोंदवला. मुद्रांक शुल्काचे पाच लाखांच्या वर आणि नोंदणी फीचे 30,000 भरून झाले. आज जून अर्धा संपला, तरी कर्जाचा एक रुपया सुटलेला नाही आणि आम्ही ऐरोलीत भाडं भरतोय. शाखेत तोंडी सांगून थकले, म्हणून हे लेखी.

मुळात मी स्वतःचा वकील करणार होते. आत्याच्या ओळखीच्या बेलापूरच्या एक वकीलबाई आहेत, त्यांनी कागद तपासून करारनामा करून द्यायचे 15,000 रुपये सांगितले होते. हे मी तुमच्या गृहकर्ज अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं, तर ते हसले. म्हणाले, "मॅडम, वकिलाचं टेन्शन घेऊ नका. दोनदा पैसे कशाला घालवता? बाहेरच्या वकिलाचा रिपोर्ट आम्हाला चालत नाही. आमचे पॅनेलवरचे वकील तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढतात. टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, खोट असली तर बँक स्वतःचे 58 लाख घालेल का?"

हा शेवटचा प्रश्न मला बिनतोड वाटला आणि वकीलबाईंना मी फोनवर नकार कळवला. मेख कुठे होती, ते नंतर समजलं. बँकेचे पैसे सगळ्यात शेवटी जातात. माझे टोकनचे 2 लाख जानेवारीतच गेले होते, मुद्रांक शुल्क मार्चमध्ये गेलं, विक्रेत्याला द्यायची उरलेली स्वतःची रक्कमही गेली. बँकेला ऐन वेळी हात आखडता घेता येतो. तोवर माझा हात कोपरापर्यंत आत गेलेला असतो. म्हणजे वितरणाच्या आदल्या दिवशी सापडलेली खोट बँकेला वाचवते, मला नाही. मला ती करारावर सही करण्याआधी कळायला हवी होती.

आणि ती तेव्हाच दिसत होती. नवी मुंबईतल्या माणसाला हे सांगायला नको, की इथली जमीन सिडकोची आणि आपल्याकडे असतो तो भाडेपट्टा, मुळात 60 वर्षांचा. सिडकोच्या सदनिकेचा प्रत्येक सौदा दोन दप्तरांत चढावा लागतो : एक दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाचं, दुसरं सीबीडी बेलापूरच्या सिडकोचं. आमच्या विक्रेत्याने हे घर 2008 मध्ये मूळ लाभार्थ्याकडून घेतलं. करार नोंदवलेला, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा व्यवस्थित. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव, मालमत्ता कर आणि लाइट बिलही त्यांच्याच नावाने. फक्त सिडकोचं ट्रान्सफर त्यांनी केलंच नव्हतं. सतरा वर्षं सिडकोच्या फाइलमध्ये घर पहिल्याच माणसाच्या नावावर होतं.

पॅनेलच्या वकिलांनी निबंधकाकडचा सर्च काढला. त्यात हे कधीच दिसणार नव्हतं, कारण ट्रान्सफर झालं की नाही हे निबंधकाचं दप्तर सांगत नाही. विक्रेत्याकडे सिडकोची ट्रान्सफर ऑर्डर मागायची, एवढंच काम होतं. फाइलमध्ये सिडकोचा एक कागद होता खरा. तो मूळ वाटपपत्राचा झेरॉक्स, तोही इतक्यांदा काढलेला की शिक्क्याच्या जागी नुसता करडा डाग. त्यावर देखल्या देवा दंडवत झालं आणि मंजुरीपत्रात ओळ आली : "लीगल : पॉझिटिव्ह". मला कागदोपत्री दिसलं ते एवढंच. रिपोर्टची प्रत मागितली, तर तो बँकेचा अंतर्गत दस्तऐवज आहे, ग्राहकाला देत नाहीत, असं उत्तर मिळालं. त्यापोटी 7,080 रुपये मात्र ग्राहकाच्या खात्यातून गेले.

त्या एका ओळीच्या भरवशावर आम्ही एजंटने टाइप करून आणलेल्या करारावर सह्या केल्या. त्याचं नववं कलम मला आता तोंडपाठ आहे. खरेदीदाराने मालमत्तेच्या टायटलची स्वतः खात्री करून घेतली असून त्याबाबत त्याची कोणतीही तक्रार नाही, असं ते कलम. नोंदणी कार्यालयात आमचा टोकन नंबर पुकारला गेला, तेव्हा हे मी वाचलं होतं. कॅमेऱ्यासमोर बसताना मनात म्हटलं, बँकेच्या वकिलाने खात्री केलीच आहे की. आज विक्रेता तेच कलम माझ्यासमोर धरतो.

एप्रिलमध्ये चेक निघायच्या आधी तुमच्या दुसऱ्या वकिलांकडे फाइल गेली आणि त्यांनी दोन दिवसांत विचारलं, 2008 ची ट्रान्सफर ऑर्डर कुठे आहे? त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही; त्यांनी काम केलं. पण वितरण थांबलं, आणि 11 एप्रिलला खात्यातून "ॲडिशनल लीगल" म्हणून आणखी 4,720 रुपये कापले गेले. म्हणजे पहिल्या वकिलांनी जे पाहिलं नाही, ते पाहायचे पैसेही माझेच.

मी वाशीला पहिल्या वकिलांच्या ऑफिसात गेले. त्यांनी फाइल उघडली. टेबलाच्या अलीकडून उलटा दिसणारा रिपोर्ट मी वाचत होते. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं होतं : "सब्जेक्ट टू सिडको ट्रान्सफर ऑर्डर". समासात पेन्सिलची बरोबरची खूण. ती कोणाची, मला माहीत नाही. पण ती ओळ कोणीतरी वाचली होती आणि मंजुरीपत्रापर्यंत येता येता ती गळली. मी विचारलं, हे मला फेब्रुवारीत का नाही सांगितलंत? त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते : "मॅडम, माझा क्लायंट बँक आहे. तुम्ही नाही."

ते खरंच बोलले. हीच गोष्ट जानेवारीत तुमच्या अधिकाऱ्यांनी सांगितली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे घर घेणारा आपला सॉलिसिटर आपण निवडतो, आणि तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर असला तर बहुतेक वेळा तोच दोघांचं काम पाहतो. घेणाऱ्याशीही तो बांधील असतो. मावसभावाला मी आमची कथा सांगितली तर त्याचा पहिला प्रश्न, "मग तुझा वकील कोण होता?" मला उत्तर देता आलं नाही. 50 लाखांच्या वरच्या व्यवहारात विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हेसुद्धा आम्हाला नवऱ्याच्या ऑफिसातल्या सीएने सांगितलं.

पुढचं थोडक्यात. मूळ लाभार्थी आता सांगलीला राहतात. मे महिन्यात माझे पती आणि विक्रेता रात्रीच्या गाडीने तिकडे गेले. त्या आजोबांनी चहा पाजला, चष्मा शोधायला अर्धा तास घेतला आणि ट्रान्सफरच्या अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आम्ही काय करणार होतो, हा विचार मी अजून टाळते. सिडकोचं जुनं ट्रान्सफर शुल्क विक्रेत्याने आणि आम्ही निम्मं निम्मं भरलं, कारण नववं कलम. करारानुसार उरलेली रक्कम 45 दिवसांत द्यायची होती. ती मुदत 5 मे रोजी संपली आणि विक्रेत्याने उपकार केल्यासारखी वाढवून दिली. सिडकोची ऑर्डर 9 जूनला हातात आली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन शाखेत गेले, तर मंजुरीची मुदत संपलीय, नव्याने अर्ज करा आणि प्रोसेसिंग फीचे 11,800 पुन्हा भरा, असं सांगण्यात आलं.

ते मी भरणार नाही. मुदत माझ्यामुळे संपलेली नाही. जुनी मंजुरी कोणतंही शुल्क न घेता पुढे चालवून वितरण करावं.

रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे तुमच्याकडे ज्याला केएफएस म्हणतात ते, द्यावं लागतं. त्यात नसलेलं कोणतंही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. माझ्या केएफएसमध्ये लीगलचे 7,080 आहेत, 4,720 नाहीत, आणि त्यासाठी माझी संमती कोणी विचारलेली नाही. ती रक्कम परत हवी. विमा, लीगल अशा त्रयस्थांसाठी बँक जे पैसे वसूल करते, त्या प्रत्येक रकमेची पावती आणि संबंधित कागदपत्रं कर्जदाराला द्यावीत, असंही तेच परिपत्रक सांगतं. तेव्हा "अंतर्गत दस्तऐवज" हे उत्तर आता नको. दोन्ही वकिलांच्या पावत्या आणि दोन्ही रिपोर्ट, शेवटच्या पानासकट, मला द्यावेत. पहिल्या तपासणीचे 7,080 परत द्यायचे की नाही, हे तो रिपोर्ट स्वतः वाचून तुम्हीच ठरवा.

अजून एक, यात माझा स्वतःचा फायदा नाही. पॅनेलचे वकील फक्त बँकेचं हित बघतात, स्वतःसाठी वेगळा वकील करा, हे एक वाक्य कर्जाच्या अर्जावर मराठीत, ठळक अक्षरात छापा. आणि "वकिलाचं टेन्शन घेऊ नका" हे वाक्य अधिकाऱ्यांच्या तोंडून बंद करा.

या पत्राची पोच आणि 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. विक्रेत्याने वाढवून दिलेली मुदत 30 जूनला संपते, त्यामुळे वितरणाचा निर्णय तेवढे दिवस थांबू शकत नाही. तो याच आठवड्यात कळवावा.

आपली,
अर्जदार व सहअर्जदार
(नावं आणि अर्ज क्रमांक सोबतच्या मंजुरीपत्रावर)

सोबत : मंजुरीपत्र, केएफएस, दोन्ही शुल्कांच्या नोंदी असलेला खातेउतारा, नोंदणीकृत करार आणि सिडकोची 9 जूनची ट्रान्सफर ऑर्डर. सगळ्यांच्या झेरॉक्स आहेत, शिक्के वाचता येतात.