आराखडा एकाचा, दुरुस्ती दुसऱ्याची

महोदय,

गोव्यात प्रादेशिक आराखड्याचा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाचा, विषय निघाला की 2006-07 आठवते. ‘आराखडा 2011’ विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे ‘आराखडा 2021’ करताना गावोगावच्या लोकांची मते घेतली गेली. तो निर्दोष नव्हता, पण खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल शेती), कुळागर (सुपारी-नारळाची बाग), डोंगरउतार निदान नकाशावर तरी दिसत होते.

2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले. नकाशातील अनवधानाने झालेल्या चुका सुधारणे हा त्याचा उद्देश सांगितला गेला. चुका असतात हे मान्य. पण त्या नेमक्या भातशेतीच्या आणि बागायतीच्या रंगातच कशा सापडतात? आणि दुरुस्तीनंतर जमीन बहुतेक वेळा निवासीच कशी होते? मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. तोवर 2024 मध्ये जमिनीचा ठरलेला वापर बदलू देणारे 39अ हे दुसरे कलम आलेले होतेच. त्यात राजपत्रातील सूचनेनंतर हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. आता राजपत्र रोज कोण वाचतो? गावातला शेतकरी तर नाहीच, मीही नाही.

माझी मागणी साधी आहे. जमीन रूपांतराचा प्रत्येक अर्ज सर्व्हे क्रमांकासह आणि मराठी-कोकणीत त्या गावच्या पंचायतीच्या फलकावर लागावा, ग्रामसभेत वाचला जावा, आणि हरकतींची मुदत तिथून मोजावी.

– एक वाचक, फोंडा